'अ‍ॅट द एंड ऑफ द डे' म्हणावे की म्हणू नये?

पत्र: मी एका कार्यालयात अहवाल लिहिण्याचे काम करते आणि ते सारे लेखन इंग्रजीत असते. शाळेत असताना मी इंग्रजी वाक्प्रचारांची एक जाड वही केली होती. आजही अडले की ती उघडते. नव्याने आलेल्या वरिष्ठांनी माझ्या गेल्या तीन अहवालांतून 'ड्यू टू द फॅक्ट दॅट', 'ईच अँड एव्हरी', 'इट मे बी नोटेड दॅट' अशा साऱ्या जागा लाल शाईने खोडल्या आणि समासात 'एवढे शब्द कशाला?' असा शेरा लिहिला. गंमत अशी, की हेच गृहस्थ बैठकीत दर पाच मिनिटांनी, 'शेवटी काय, तर' अशा अर्थाने, 'अ‍ॅट द एंड ऑफ द डे' म्हणतात. माझे प्रश्न तीन आहेत. हे वाक्प्रचार चुकीचे आहेत का? ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे ते लोक ते वापरतात का? आणि ते काढून टाकले की माझे इंग्रजी ओकेबोके दिसू लागते, त्यावर उपाय काय? खोडलेल्या वाक्यांपैकी एक सोबत पाठवत आहे.

उत्तर:

आपले पत्र दोनदा वाचले आणि सोबतचे वाक्य चार वेळा. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सोपी आहेत. हे वाक्प्रचार चुकीचे नाहीत. व्याकरणाला त्यांत बोट ठेवायला जागा नाही, आणि इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा आहे ती माणसे ते सर्रास वापरतात. तिसरा प्रश्न अवघड आहे, कारण त्याचे मूळ भाषेपेक्षा लिहिणाऱ्याच्या मनातल्या धास्तीत आहे. त्याच्याकडे जाण्यापूर्वी आपली वही जरा उलगडून पाहू.

ती वही मी न पाहताही ओळखतो, कारण तशीच एक माझ्याकडेही होती: डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे अर्थ आणि खाली 'वाक्यात उपयोग'. अशा वहीत दोन निराळ्या जातींचे शब्दसमूह एकाच पंगतीला बसवलेले असतात आणि पुढचा सारा घोटाळा तिथूनच सुरू होतो. 'लेट द कॅट आउट ऑफ द बॅग' हा सात शब्दांचा वाक्प्रचार घ्या. त्याचा अर्थ गुपित फोडणे. मांजर, पिशवी, बाहेर सोडणे यांपैकी एकाही शब्दात गुपिताचा मागमूस नाही. सातही शब्द एकत्र आल्यावरच तो अर्थ उमटतो, म्हणून त्यातला एकही शब्द गाळता येत नाही. याउलट 'ड्यू टू द फॅक्ट दॅट' हे पाच शब्द घ्या. त्यांत लपलेले असे काहीच नाही. पाचही शब्दांचे सरळ अर्थ मांडून बेरीज केली तर हाती 'बिकॉज' एवढा एकच शब्द येतो. पहिला खरा वाक्प्रचार आहे, दुसरा निव्वळ पाल्हाळ आहे. आणि अशा पाल्हाळाला आपण 'नमनाला घडाभर तेल' म्हणतो, तेव्हा मात्र आपण पहिल्या जातीचा वाक्प्रचार वापरत असतो, कारण तिथे ना नमन चाललेले असते ना तेल.

खऱ्या वाक्प्रचारांची काळजी आपण करू नये असे माझे मत आहे. त्यांची लांबी हा दोष नाही. त्यांच्याबाबत धोका असतो तो मोडतोडीचा, कारण माणसे ते कानाने शिकतात आणि अर्थाचा पाठपुरावा न करता पुढे देतात. 'टो द लाइन' म्हणजे ठरवून दिलेल्या रेषेला पायाची बोटे लावून उभे राहणे, आखून दिलेल्या शिस्तीत वागणे. यातला 'टो' पायाच्या बोटाचा आहे, पण तो दोरीने ओढण्याचा आहे असे समजून त्याचे स्पेलिंग चुकवणारे लोक इतके आहेत, की इंग्रजी लेखक जॉर्ज ऑर्वेलने १९४६ सालच्या एका निबंधातच या चुकीची नोंद केली होती. देवनागरीत लिहिताना दोन्ही 'टो' सारखेच दिसतात, त्यामुळे या सदरात तरी मी सुरक्षित आहे.

शब्दांचा क्रम बदलला तरी किती फरक पडतो याचे एक विलक्षण उदाहरण आहे. 'हॅव युअर केक अँड ईट इट टू', म्हणजे एकत्र मिळू न शकणाऱ्या दोन्ही गोष्टी हव्या असणे, हा वाक्प्रचार आज याच क्रमाने म्हटला जातो. तर्काने पाहिले तर क्रम उलटा हवा, कारण केक जवळ बाळगून मग खाणे सहज शक्य आहे. खाऊन टाकल्यावर तो पुन्हा जवळ असणे तेवढे अशक्य आहे. जॉन हेवुडच्या १५४६ सालच्या म्हणींच्या संग्रहात 'आधी खाणे, मग जवळ असणे' असाच क्रम आढळतो. अमेरिकेत टपालाने बॉम्ब पाठवणाऱ्या टेड काझिन्स्कीचा प्रदीर्घ जाहीरनामा १९९५ साली वृत्तपत्रात छापला गेला, तेव्हा त्यातही हा जुना क्रम होता, आणि त्याने पूर्वी लिहिलेल्या एका पत्रातही तोच क्रम सापडला. दोन्हींचा लेखक एकच असावा असे दाखवणाऱ्या भाषिक खुणांमध्ये तपास अधिकाऱ्यांनी ही खूणही धरली. एप्रिल १९९६ मध्ये तो पकडला गेला. त्याला पकडून देण्यात त्याची शैली ओळखणाऱ्या भावाचा वाटा मोठा होता हे खरे, तरीही आज जवळजवळ सारे जण चुकीच्या क्रमाने म्हणत असलेला वाक्प्रचार तर्कशुद्ध क्रमाने लिहिणे ही एखाद्याची ओळख ठरावी, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. वाक्प्रचार जसे रूढ आहेत तसे वापरावेत, त्यांना शहाणे करू पाहू नये.

आता दुसऱ्या जातीकडे वळतो, कारण लाल शाई तिच्यावरच सांडलेली आहे. पाल्हाळाचे हे शब्दसमूह कोणी आळसातून किंवा मिरवण्यासाठी मुद्दाम रचले असे नाही. त्यांतल्या बहुतेकांना कुठे ना कुठे नेमून दिलेले काम होते. ते काम जिथे होते ती जागा सोडून ते भलतीकडे आले, म्हणून आज ते रिकामटेकडे दिसतात. हे एकदा ध्यानात आले, की कोणता ठेवायचा आणि कोणता गाळायचा हे पाठ करावे लागत नाही.

'ईच अँड एव्हरी' ही जोडी पाहा. दोन्ही शब्दांचा अर्थ 'प्रत्येक' असाच आहे. अशा जोड्यांची इंग्रजीत रेलचेल आहे आणि त्यांतल्या कितीतरी न्यायालयाच्या आवारात वाढल्या. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि त्यानंतर दरबाराची व कायद्याची भाषा दीर्घकाळ फ्रेंच राहिली, लिखित नोंदी लॅटिनमध्ये होत राहिल्या आणि सामान्य लोक इंग्रजी बोलत राहिले. लोकांना फ्रेंच फारशी कळत नाही, म्हणून न्यायालयातील युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा १३६२ साली झाला. तो कायदा स्वतः फ्रेंचमध्ये लिहिलेला होता, यावरून त्या काळच्या अडचणीची कल्पना यावी. एका भाषेतला शब्द पुरेसा होईल की नाही याची खात्री नसल्यामुळे दोन घराण्यांतले शब्द शेजारी शेजारी ठेवण्याची सवय अशा काळात पक्की होते. 'विल अँड टेस्टमेंट' मध्ये 'विल' अस्सल इंग्रजी आहे आणि 'टेस्टमेंट' लॅटिनमधून आलेला आहे. 'गुड्स अँड चॅटल्स' (चीजवस्तू) मध्ये पहिला शब्द इंग्रजी, तर दुसरा फ्रेंच. प्रत्येक जोडी अशीच जमली असे मात्र नाही. 'नल अँड व्हॉइड' (रद्दबातल) मधले दोन्ही शब्द बाहेरून आले, तर 'किथ अँड किन' (सगेसोयरे) मधले दोन्ही घरचे आहेत आणि ते केवळ अनुप्रासाच्या ओढीने एकत्र आले असावेत असे वाटते.

मराठी माणसाला याचे नवल वाटण्याचे कारण नाही. 'कागदपत्र' म्हणताना आपण फारसीतून आलेला कागद आणि संस्कृतातले पत्र असे एकाच अर्थाचे दोन शब्द जोडतो. 'धनदौलत', 'मानमरातब', 'बाजारहाट' यांचीही घडण तशीच आहे. फरक एवढाच, की आपले हे शब्द जुळून एकजीव झाले आणि त्यांत 'आणि' उरला नाही, तर इंग्रजी जोड्यांत मधला 'अँड' शिल्लक राहिला आणि त्यामुळे सांधा दिसत राहतो. 'मानमरातब' मधला 'मरातब' खोडावा असे कोणाच्या मनात येत नाही. 'ईच अँड एव्हरी' मधला अर्धा भाग मात्र लगेच लाल शाईला आमंत्रण देतो.

'फॉर ऑल इन्टेन्ट्स अँड पर्पजेस' या पाच शब्दांची कथाही न्यायालयातलीच आहे. सोळाव्या शतकात, आठव्या हेन्रीच्या राजवटीतील कायद्याच्या भाषेत 'टू ऑल इन्टेन्ट्स, कन्स्ट्रक्शन्स अँड पर्पजेस' असे तिहेरी रूप आढळते. कायद्याच्या मसुद्यात त्याला काम होते: कोणी हेतूचे निमित्त करून, कोणी शब्दांचा निराळा अर्थ लावून पळवाट काढू नये, म्हणून तिन्ही दारे एकदम बंद केलेली असत. आज तो वाक्प्रचार 'जवळजवळ' किंवा 'व्यवहारात पाहता' एवढ्याच अर्थाने उरला आहे, आणि मूळ कामाची आठवण इतकी पुसली गेली आहे, की पुष्कळ जण तो 'फॉर ऑल इन्टेन्सिव्ह पर्पजेस' असा ऐकतात आणि तसाच लिहितात. ऐकण्यातल्या अशा समजूतदार चुकांना इंग्रजीत 'एगकॉर्न' असे नाव आहे. 'एकॉर्न' म्हणजे ओक वृक्षाचे फळ. ते कोणीतरी 'एग कॉर्न' असे समजून लिहीत असे, त्यावरून भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम यांनी २००३ साली हे नाव सुचवले.

कायद्याच्या भाषेतले पाल्हाळ त्या काळच्या न्यायाधीशांनाही डाचत असे, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. १५९६ साली लंडनमध्ये चान्सरी न्यायालयापुढे एका खटल्यात वादीच्या मुलाने १२० पानांचे प्रत्युत्तर लिहून दाखल केले. न्यायालयाचे मत पडले, की एवढा मजकूर १६ पानांत मावला असता. शिक्षा अशी झाली, की त्या कागदांच्या गठ्ठ्याला मधोमध भोक पाडून त्यातून त्या मुलाचे डोके बाहेर काढावे आणि लिहिलेली बाजू बाहेरून दिसेल अशा रीतीने तो गठ्ठा त्याच्या गळ्यात लोंबकळत ठेवून, न्यायालये भरलेली असताना त्याला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये सगळ्यांपुढून फिरवावे. वर दंड निराळा. आपल्या वरिष्ठांचा लाल शेरा त्या मानाने सौम्यच म्हणावा लागेल.

आता त्यांच्याच तोंडच्या 'अ‍ॅट द एंड ऑफ द डे' विषयी. आपल्याला यात ढोंग दिसले असावे, पण मला ते तसे वाटत नाही. बोलणाऱ्याला पुढचे वाक्य जुळवण्यासाठी दोन क्षण लागतात, आणि ऐकणाऱ्यालाही आता निष्कर्ष येणार आहे याची सूचना लागते. हे सहा शब्द दोन्ही कामे करतात. आपल्या व्यासपीठांवरचे वक्ते 'या ठिकाणी' हे दोन शब्द ज्या मुक्तहस्ताने वाटतात ते आठवा. 'या ठिकाणी मी या ठिकाणी जमलेल्या सर्वांचे' असे सुरू झाले, की ठिकाणाशी कोणाचेच देणेघेणे नसते. वक्त्याला श्वास घ्यायचा असतो. बोलण्यात अशी विरामस्थाने लागतातच. अतिरेक झाला की ती छळू लागतात, हेही तितकेच खरे. ब्रिटनमध्ये १९७९ पासून सोप्या इंग्रजीचा प्रचार करणाऱ्या 'प्लेन इंग्लिश कॅम्पेन' या संस्थेने २००४ साली आपल्या पाठीराख्यांना सर्वांत चीड आणणारा शब्दप्रयोग कोणता असे विचारले, तेव्हा पहिला क्रमांक 'अ‍ॅट द एंड ऑफ द डे' यालाच मिळाला. तरीही, बैठकीत बोलणाऱ्याला लाल शाई लावता येत नाही. लिहिणाऱ्याला मात्र थांबून विचार करायला हवा तेवढा वेळ असतो आणि त्या वेळात तो काय करत होता हे वाचणाऱ्याला कळण्याची गरज नसते, म्हणून तोच शब्दसमूह कागदावर आला की निरुपयोगी ठरतो.

'अ‍ॅट धिस पॉइंट इन टाइम' याचे उदाहरण जरा गुंतागुंतीचे आहे आणि म्हणून अधिक बोधक. 'आता' या अर्थी पाच शब्द वापरणे हा पाल्हाळाचा नमुना म्हणून नेहमी दाखवला जातो. त्याला आणि 'अ‍ॅट दॅट पॉइंट इन टाइम' या त्याच्या भावंडाला कुप्रसिद्धी मिळाली ती १९७३ साली, वॉटरगेट प्रकरणात अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे झालेल्या साक्षींमुळे. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे माजी कायदा सल्लागार जॉन डीन आणि इतर साक्षीदारांच्या तोंडी ते शब्द वारंवार आले आणि दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोहोचले. लोकांनी त्यांची टिंगल केली. पण शपथेवर बोलणाऱ्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. 'तेव्हा मला माहीत नव्हते' आणि 'त्या विशिष्ट क्षणी मला माहीत नव्हते' यांत साक्षीदाराच्या दृष्टीने मोठे अंतर आहे, कारण दुसऱ्या वाक्यात त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या क्षणांविषयी त्याने स्वतःला बांधून घेतलेले नसते. तिथे त्या पाच शब्दांना काम होते, मग ते काम कोणाला आवडो वा न आवडो. 'अ‍ॅट धिस पॉइंट इन टाइम, आपली मागणी प्रलंबित आहे' असे कार्यालयीन पत्रात लिहिताना मात्र आपण कोणत्याही समितीपुढे उभे नसतो.

शिष्टाचाराच्या शब्दांना मात्र मी सहसा हात लावू देत नाही. 'आय वॉज वंडरिंग इफ यू कुड' म्हणून काही मागणे लांबलचक आहे हे कबूल, पण त्या लांबीतच विनंतीचा मऊपणा आहे. ते छाटून 'सेंड मी' एवढेच ठेवले, तर शब्द वाचतील आणि माणूस दुखावेल. उलट 'विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट' हे चार शब्द जपून वापरावेत. शब्दशः ते आदराचे आहेत, पण इंग्रजी कान ते ऐकताच विरोधाच्या तयारीला लागतो. न्यायाधीशांशी मतभेद दाखवताना इंग्लंडचे वकील जितका अधिक आदर व्यक्त करतात तितका त्यांचा मतभेद तीव्र असतो, असे वकीलमंडळीच गमतीने सांगतात. कार्यालयातील वरिष्ठांना ते लिहून पाठवण्याआधी आपल्याला खरोखर भांडायचे आहे का, हे ठरवून घ्यावे. 'नीडलेस टू से' याविषयी फार बोलत नाही: सांगण्याची गरज नसेल तर सांगू नये, आणि असेल तर गरज नाही असे म्हणू नये.

'काइंडली डू द नीडफुल' आपल्या वहीत नक्कीच असेल. हा प्रयोग एके काळी ब्रिटनमध्येही रूढ होता; तिकडे तो मागे पडला आणि भारतीय इंग्रजीत टिकून राहिला, एवढ्यावरून त्याला हिणवण्याचे कारण नाही. माझी तक्रार निराळी आहे. तो लांब नसूनही पाल्हाळाच्याच कुळातला आहे, कारण 'आवश्यक ते' म्हणजे नेमके काय हे ठरवण्याचे काम तो गुपचूप वाचणाऱ्याच्या गळ्यात घालतो.

लिखाणात शब्द कमी करावेत हा उपदेश जुना आहे. अमेरिकी प्राध्यापक विल्यम स्ट्रंक यांनी १९१८ साली आपल्या विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या छोट्या पुस्तिकेत अनावश्यक शब्द गाळण्याचा नियम घातला आणि 'द फॅक्ट दॅट' हे तीन शब्द जिथे दिसतील तिथून हाकलावेत असे सांगितले. ब्रिटनमध्ये सर अर्नेस्ट गॉवर्स या अनुभवी प्रशासकाने सरकारी अर्थखात्याच्या सांगण्यावरून अधिकाऱ्यांच्या भाषेवर पुस्तिका लिहिली. ती १९४८ साली निघाली. अमेरिकेत २०१० साली तर सरकारी कागदपत्रे सोप्या भाषेत असावीत असा कायदाच झाला. आपले वरिष्ठ याच परंपरेतले दिसतात. ऑर्वेलने १९४६ च्या त्याच निबंधात या सवयीचे मूळ अचूक पकडले होते. 'आय थिंक' या दोन शब्दांऐवजी 'इन माय ओपिनियन इट इज नॉट अ‍ॅन अनजस्टिफायेबल अझम्पशन दॅट' असे दहा शब्द लिहिणे सवय झालेल्याला अधिक सोपे जाते, असे तो म्हणतो. हे मला फार खरे वाटते. तयार शब्दसमूह हाताशी असले, की वाक्य आपोआप पुढे सरकते आणि विचार करण्याचे श्रम वाचतात.

मात्र या उपदेशाचाही अतिरेक होतो आणि तो आपल्या वरिष्ठांकडून झाला असण्याची शक्यता आहे, म्हणून तीन जागा सांगून ठेवतो, जिथे लाल शाईला नम्रपणे हरकत घेता येईल. पहिली 'इन ऑर्डर टू' ची. बहुतेक वाक्यांत त्याच्या जागी एकटा 'टू' पुरतो. पण वाक्यात आधीच दोनतीन 'टू' असतील आणि त्यांतला कोणता हेतू दाखवतो हे पटकन कळत नसेल, किंवा हेतू नकारार्थी असेल, तर 'इन ऑर्डर' हे दोन शब्द वाचणाऱ्याला वाट दाखवतात. 'इन ऑर्डर नॉट टू डिले द वर्क' मधून ते काढून पाहा; उरलेले वाक्य वाचताना जीभ अडखळते. दुसरी जागा 'व्हेदर ऑर नॉट' ची. 'आय डोन्ट नो व्हेदर ही विल कम' या वाक्यात 'ऑर नॉट' ची गरज नाही. पण 'तो येवो अथवा न येवो, बैठक होईल' असे म्हणायचे असेल, तर 'द मीटिंग विल बी हेल्ड व्हेदर ऑर नॉट ही कम्स' असेच लिहावे लागते. 'ऑर नॉट' गाळले तर वाक्य लंगडे होते. तिसरी जागा खुद्द 'द फॅक्ट दॅट' ची. स्ट्रंक यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगून सांगतो (हा आदर खरा आहे, चार शब्दांचा नव्हे), की 'डिस्पाइट' सारख्या शब्दानंतर पूर्ण उपवाक्य आणायचे असेल, तर मध्ये 'द फॅक्ट दॅट' घ्यावेच लागते, नाहीतर सारे वाक्य 'ऑल्दो' वापरून नव्याने बांधावे लागते. बांधता आले तर उत्तमच. पण 'डिस्पाइट' तसाच ठेवून पुढचे तीन शब्द खोडणे ही सुधारणा नव्हे, ती चूक आहे.

आता आपले वाक्य. ते असे आहे: 'इट मे बी नोटेड दॅट ड्यू टू द फॅक्ट दॅट द सर्व्हर वॉज नॉट इन अ पोझिशन टू फंक्शन, ईच अँड एव्हरी यूझर वॉज अनेबल टू लॉग इन फॉर अ पिरिअड ऑफ टू अवर्स.' शब्द चौतीस. 'इट मे बी नोटेड दॅट' याला अहवालात काम नाही, कारण अहवालातली प्रत्येक गोष्ट नोंद घेण्यासाठीच लिहिलेली असते. 'ड्यू टू द फॅक्ट दॅट' च्या जागी 'बिकॉज' येईल. 'फॉर अ पिरिअड ऑफ टू अवर्स' मधले 'पिरिअड' काढले तरी दोन तास दोन तासच राहतात. 'ईच अँड एव्हरी' इथे नको. प्रत्येकाला व्यक्तिशः कळवले असे ठासून सांगायचे असते, तर मी ते राहू दिले असते.

अडचण आहे ती 'वॉज नॉट इन अ पोझिशन टू फंक्शन' पाशी. एखाद्या अधिकाऱ्याला अधिकार नसल्यामुळे निर्णय देता येत नाही, तेव्हा तो 'आय अ‍ॅम नॉट इन अ पोझिशन टू कॉमेंट' म्हणतो, आणि ते शोभते, कारण तिथे खरोखर त्याच्या स्थानाचा प्रश्न असतो. सर्व्हरला स्थान नसते, अधिकार नसतो आणि संकोचही नसतो. मग हे शब्द तिथे का आले? ते छोटे करायला बसलो तेव्हा मला उत्तर मिळाले. 'द सर्व्हर फेल्ड' असे लिहावे तर तो बिघडला असा अर्थ होतो. 'द सर्व्हर वॉज शट डाउन' असे लिहावे तर तो कोणीतरी मुद्दाम बंद केला असा अर्थ होतो. आपल्या चौतीस शब्दांत या दोहोंपैकी काय घडले हे कुठेही नाही. बिघाड असेल, तर 'द सर्व्हर फेल्ड, अँड नो यूझर कुड लॉग इन फॉर टू अवर्स' या बारा शब्दांत सारे येते. देखभालीसाठी बंद ठेवला असेल, तर वाक्य निराळे होईल आणि अहवालाचा पुढचा परिच्छेदही निराळा होईल.

ओकेबोकेपणाचे जे आपण लिहिले आहे, त्याचा उगम मला इथेच दिसतो. भरलेले वाक्य सुशोभित वाटते, कारण त्यात जे माहीत नाही ते झाकले जाते. शब्द कमी केले, की माहितीतली फट उघडी पडते आणि आपल्याला वाटते, की आपले इंग्रजी उघडे पडले. परक्या भाषेत लिहिणाऱ्याला ही भीती अधिक असते हे मी स्वतःवरून सांगतो. उमेदवारीच्या काळात माझ्या पत्रांत सुरुवातीच्या नमस्कारापासून मुद्द्यापर्यंत पोहोचायला वाचणाऱ्याला अर्धे पान चालावे लागे, आणि ते अर्धे पान माझ्या दृष्टीने माझ्या शिक्षणाचा दाखला होता. तो दाखला मागितला कोणीच नव्हता.

वही फेकू नका. तिच्यात उजव्या बाजूला आणखी एक रकाना आखा आणि प्रत्येक वाक्प्रचारापुढे तो आपण कोणाच्या तोंडून, कोणत्या प्रसंगी ऐकला किंवा कोणत्या प्रकारच्या मजकुरात वाचला ते लिहा. न्यायालयातला, व्यासपीठावरचा, मित्रांच्या गप्पांतला, विनंतीपत्रातला अशी विभागणी होत जाईल आणि ज्यांच्यापुढे काहीच लिहिता येत नाही असे शब्दसमूह आपोआप उघडे पडतील. वरिष्ठांच्या 'अ‍ॅट द एंड ऑफ द डे' पुढे 'बैठकीत, निष्कर्षाआधी' असे लिहा आणि त्यांना त्याविषयी काही बोलू नका. पुढचा अहवाल पाठवण्याआधी तंत्रज्ञांना एक फोन करून तो सर्व्हर बंद पडला होता की बंद केला होता, तेवढे मात्र विचारून घ्या.